फळीतली उलांडी

देवबागच्या किनाऱ्यावर त्या रविवारी दोन मांडव घातले होते. एकात दर्शना मेस्त्री हातात रंधा घेऊन उभी होती. दुसऱ्यात यंत्र होतं. दोघांपुढे पांढऱ्या फोमचा सारखाच ठोकळा ठेवला होता, माणसाच्या उंचीहून लांब आणि मधोमध लाकडाची पातळ पट्टी बसवलेला. दोघांनी एकाच माणसासाठी एकेक सर्फबोर्ड घडवायचा होता, आणि मग पाण्यात दोन्हींची तुलना व्हायची होती. तो माणूस म्हणजे दर्शनाचा धाकटा भाऊ रूपेश. तो दोन मांडवांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करत होता.

"ताई, हळू चालव! मशीन घाबारला तर कार्यक्रम बंद पडात!"

"तू गप रव," दर्शना मान वर न करता म्हणाली. "तुका बसूक खुर्ची दिली, बोलूक नाय."

लोक हसले. गर्दी चांगली होती. गावातले होते, मालवणातून आलेले होते, आणि हॉटेलांत उतरलेले पर्यटक तर होतेच.

देवबाग ही खाडी आणि समुद्र यांच्यामधली जमिनीची एक अरुंद पट्टी. समुद्र ती खात होता, म्हणून काही वर्षांपूर्वी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली बांध घातला गेला. बांधामुळे किनारा बऱ्यापैकी तगला. पण त्याबरोबर कुणीही न मागितलेली एक गोष्ट मिळाली. बांधावर आपटून लाट एका टोकापासून उलगडत जाऊ लागली, सावकाश आणि लांबवर. त्या लाटेसाठी सर्फिंग करणारे यायला लागले. होड्या बांधणाऱ्या मेस्त्री घराण्याकडे तोवर काम उरलं नव्हतं, कारण होड्या साच्यातून निघायला लागल्या होत्या. दर्शनाने वडिलांचा रंधा फोमवर चालवून पाहिला. गाव सर्फबोर्डला फळी म्हणू लागलं आणि दर्शनाला मेस्तरीण.

रूपेश पर्यटकांना समुद्राखाली प्रवाळ दाखवायला नेत असे. एकदा खोल पाण्यात एका पर्यटकाचा मास्क निसटला. तो घाबरून वर झेपावला, आणि त्याला सोडायचं नाही म्हणून रूपेशही त्याच्याबरोबर वर आला, जितक्या वेगाने येऊ नये तितक्या वेगाने. असं झालं की सोडा वॉटरची बाटली उघडल्यावर येतात तसे रक्तात आणि मज्जारज्जूत नायट्रोजनचे बुडबुडे उठतात. पर्यटक वाचला. रूपेशचा डावा पाय लुळा पडला. कित्येक महिन्यांच्या उपचारांनंतर तो लंगडत चालू लागला, पण डाव्या तळपायाला काही कळत नव्हतं. वाळू, पाणी, काच, सगळं सारखंच. मग दर्शनाने त्याच्यासाठी नवी फळी केली, आणि त्या फळीवर तो पहिल्याच दिवशी लाटेवर उभा राहिला. गाव अजून ती गोष्ट सांगतं. रूपेश जरा जास्तच सांगतो. आता तो किनाऱ्यावर सर्फिंग शिकवतो.

यंत्राबरोबर पुण्याहून संशोधकांचा एक गट आला होता. शाल्मली बापट त्यांची प्रमुख. वाहत्या पाण्याचं शास्त्र हा तिचा विषय. निवेदक गुरुनाथ धुरीने माईक तिच्याकडे दिला.

"यंत्र फोम कापतं यात नवल नाही," ती म्हणाली. "कापणारी यंत्रं जुनीच आहेत. नवी आहे ती ही."

तिने पापडाखाली घालायच्या प्लास्टिकच्या कागदाइतकी पातळ पारदर्शक चकती उंच धरली. त्यात डोळ्यांना न दिसणारे हजारो बिंदू होते आणि प्रत्येक बिंदू स्वतःवरचा दाब मोजत होता. या चकतीला ती त्वचा म्हणत होती. अशी त्वचा पूर्ण फळीला वरून आणि खालून चिकटवली की खालून पाणी कुठे किती ढकलतं आणि वरून पाय कुठे किती दाबतो, हे क्षणाक्षणाला नोंदलं जातं. आजवर फळीखाली नेमकं काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वापरणारा येऊन सांगायचा, शेपटी जड वाटते, आणि घडवणारा अंदाजाने तिथे रंध्याचे दोन हात मारायचा. आता त्या अंदाजाच्या जागी मोजमाप आलं होतं. पुढचा टप्पा अवघड होता, आणि तोच या गटाने साधला होता. त्यांची संगणकप्रणाली हे मोजमाप उलट्या दिशेने वाचत असे. अमुक शरीर आणि अमुक लाट, तर या दोघांमध्ये कोणता आकार हवा?

"म्हणजे पाणीच सांगता, माका असो आकार दी म्हणान," गुरुनाथ म्हणाला.

"पाणी काही सांगत नाही. ते ढकलतं. आम्ही फक्त वाचतो."

दर्शनाने रूपेशसाठी केलेल्या त्या फळीवर ही त्वचा काही आठवडे लावलेली होती. शाल्मलीने मोठ्या पडद्यावर आधी त्या फळीचा आकार दाखवला. मग कागद दुमडावा तशी ती मधल्या पट्टीवर दुमडली. दोन्ही अर्ध्या भागांचा आकार जुळला तर रंग हिरवा, न जुळला तर नारिंगी.

पुढचा भाग हिरवा झाला. मागचा डावा काठ शेवटपर्यंत नारिंगी झाला.

किनाऱ्यावर कुजबुज झाली. गुरुनाथने संधी सोडली नाही. "काय गो मेस्तरनी? चाय न घेता कामाक बसलंस काय त्या दिवशी?"

हशा उठला. दर्शनाने रंधा थांबवला होता. शाल्मली अवघडली. तिला कुणाला खाली पाहायला लावायचं नव्हतं. "हाताच्या कामात थोडा फरक राहणारच," ती घाईने म्हणाली, "पण दर्शनाताईंचा हात किती नेमका आहे, ते हे बघा." आणि तिने दर्शनाने इतरांसाठी केलेल्या आणखी दोन फळ्या पडद्यावर दुमडल्या.

दोन्ही पूर्ण हिरव्या निघाल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रूपेशने वाजवल्या नाहीत. तो खुर्चीतून उठला, लंगडत दर्शनाच्या मांडवात गेला आणि तिच्यापुढच्या अर्धवट फळीच्या दोन्ही कडा दोन हातांत धरल्या. उजव्या हाताची बोटं सहज मिटली. डाव्या हातात कड मावली नाही.

"चूक नाय ही," तो म्हणाला. "तू माका उलांडी बांधलंस."

अरुंद होडी उलटू नये म्हणून तिच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्यांनी लाकडाचा एक ओंडका बांधतात, आणि तो पाण्यावर तरंगत होडीला धरून ठेवतो. त्याला उलांडी म्हणतात. मेस्त्र्यांच्या घरात ती बांधण्यात पिढ्या गेल्या. रूपेश उजवा पाय पुढे आणि डावा मागे ठेवून उभा राहतो, तेव्हा त्याच्या डाव्या पायाची बोटं फळीच्या डाव्या कडेकडे असतात. फळी वळते ती मागच्या पायाने. पाय नीट नसेल तर शरीराचा भार भलत्या वेळी बोटांवर कलंडतो, डावी कड पाण्यात बुडते आणि माणूस पडतो. दर्शनाने नेमक्या त्या जागी फोम जाड ठेवला होता. फुगीर कड बुडत नव्हती, म्हणून रूपेश पडत नव्हता.

"रोज पडत होतंस," ती हळू आवाजात म्हणाली. "तोंडात वाळू घेऊन घराक येत होतंस. माका बघवाक नाय."

"म्हणान माका सांगूचा नाय? सगळ्या गावाक मी बोंबलत फिरलंय, पाय बरो झालो म्हणान. शिकवतंय लोकांक. आणि उभी कोण रवली होती? तुझी फळी. मी तिच्यावर ठेवलेलो गोणो!"

"रूपेश, लोक आसत."

"लोकांपुढ्यातच समाजला ना माका! पडद्यार!"

तो आयोजकांकडे वळला. "मी पाण्यात जातंय नाय. फळी कोणाची का असना. आणि हिने माझ्या फळयेक परत हात लावूचो नाय."

 दर्शनाने रंधा फोमवर आडवा ठेवला.

"जायच्या आधी एक बघून जा," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. पडद्यावरच्या दुसऱ्याच कशाकडे ती बघत होती. "हे मी संध्याकाळी तुम्हाला एकट्याला दाखवणार होते. पण आता थांबण्यात अर्थ नाही. दाखवू?"

रूपेशने खांदे उडवले.

पडद्यावर फळीचा वरचा पृष्ठभाग आला. उजव्या पायाच्या जागी लाल ठसा होता. तो पसरत होता, आकसत होता, सतत काहीतरी करत होता. डाव्या पायाच्या जागी करडा डाग होता, ओल्या पोत्यासारखा निश्चल. शाल्मलीने गती कमी केली, मग आणखी कमी केली. लाट पडद्यावर जवळजवळ थांबली. आणि फळी वळायच्या क्षणभर आधी करड्या डागाच्या पुढच्या टोकाला बारीक पिवळे ठिपके उमटले आणि विझले.

तिने दुसरी लाट लावली. वळणाआधी ठिपके. तिसरी लाट. ठिपके.

"ह्यां काय?"

"तुमची बोटं."

"माका त्या पायाचा काय एक समाजणा नाय."

"तुम्हाला समजत नाही, बरोबर. पायाकडून वर येणारा निरोप पोचत नाही. पण वरून खाली जाणारा पोचतोय. अगदी क्षीण आहे, पण प्रत्येक वेळी, योग्य क्षणी. तुमचा पाय दाबतोय, रूपेश. इतका कमी की डॉक्टरांच्या हाताला जाणवणार नाही, तुम्हाला तर नाहीच."

 एका माणसाच्या मेलेला म्हणून ठरलेल्या पायात उतरलेली हाक त्या सगळ्यांसमोर पिवळ्या ठिपक्यांनी उजळत होती. कण्याच्या आत, हाडांच्या आड, कुठल्याशा उरलेल्या चार धाग्यांवरून ती आली होती, पायाखालच्या फोमपर्यंत पोचली होती, आणि आजवर तिचा कुणाला पत्ता नव्हता. 

दर्शना पडद्याजवळ गेली. "सुरवातीचे ठिपके आणि आताचे, दोनय बाजूबाजूक दाखवा."

 शाल्मलीने पहिल्या आठवड्यातली एक लाट आणि परवाची एक लाट शेजारी शेजारी ठेवली. पहिलीत ठिपके ठळक होते. दुसरीत शोधावे लागत होते.

"इझत चललेत," दर्शना म्हणाली.

"हो."

"माझ्या फळयेन?"

"मी डॉक्टर नाही, ताई. एवढंच सांगते. डावी कड इतकी जाड आहे की बोटांनी दाबलं तरी तिला काही होत नाही. पाय दाबतो, पाणी उत्तर देत नाही. उत्तरच येत नसेल तर दाबणं हळूहळू थांबत असावं."

"आणि तुमचा मशीन काय म्हणता?"

शाल्मलीने प्रणालीने काढलेला आकार पडद्यावर आणला. तोही दोन्ही बाजूंनी सारखा नव्हता, पण उलटा होता. डावी कड उजवीहून पातळ होती. मागच्या टोकाशी तर सुरीच्या पात्यासारखी निमुळती झाली होती. तिथे बोटांचा क्षीणसा दाब पडला तरी पाणी तो ओळखणार होतं.

"अशी कड कोण ठेवणा नाय," दर्शना म्हणाली. "ह्येच्यार पडतलो तो."

"हो. पुष्कळ वेळा पडेल."

भाऊ-बहीण एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत राहिले. शेवटी रूपेश खुर्चीत जाऊन बसला. "कापूक लावा," तो म्हणाला.

यंत्र सुरू झालं. लोखंडी हाताच्या टोकाला फिरणारं पातं फोमवर उतरलं आणि ठोकळ्यावरून असं गेलं की जणू आकार आत आधीच होता आणि वरचं पांढरं फक्त झटकायचं होतं. हात कुठे थबकला नाही, त्याने मागे फिरून बघितलं नाही. भुसा बर्फासारखा उडून प्रेक्षकांच्या केसांवर बसला. दर्शना स्वतःचं काम सोडून यंत्राच्या मांडवात आली होती. हे पातं मेस्त्र्यांच्या एकाही फळीवरून गेलेलं नव्हतं, तरी त्याला रूपेशच्या पावलातली अशी गोष्ट ठाऊक होती जी तिला ठाऊक नव्हती. रागवायला तिला जागा सापडत नव्हती. ती नुसती बघत राहिली.

यंत्र थांबलं तेव्हा फळी तयार होती, पण तिच्या अंगभर पात्याचे बारीक समांतर चर होते. ते हाताने घासून काढावे लागतात. ते दर्शनाने काढायचे, असं कार्यक्रमात आधीच ठरलेलं होतं.

"हिचो हात नको," रूपेश म्हणाला.

"मग कोण? हो गुरुनाथ? तो चर घासतलो की फळी, देवाक म्हायत!" दर्शनाने पॉलिश पेपर उचलला. "तुका भरवसो नसात तर बाजूक उभो रव. बघ."

तो खरंच बाजूला उभा राहिला. दर्शनाचा हात फळीवरून लांब, सलग फिरू लागला. चर मिटत गेले. वरचा भाग झाला, मग उजवी कड, मग ती डाव्या कडेशी आली. तिथे हात मंदावला. फोम वाढवता येत नाही, पण पातळ कडेची धार घालवता येते. पेपर जरा गोल फिरवला की कड बोथट होणार होती, आणि पाण्याने तिला इतक्या सहज ओढलं नसतं. बघणाऱ्याला ते घासण्यासारखंच दिसलं असतं.

पेपर गोल फिरला, एकदा.

दर्शनाने हात उचलला आणि स्वतःच्या बोटांकडे बघितलं.

"काय झाला?" रूपेशने विचारलं.

तिने पेपर त्याच्यापुढे धरला. "ही कड तू घास."

"मी? माका खंय येता?"

"मी सांगतंय. माझ्या हाताक सवय लागली हा. मी नको म्हटला तरी तो तुका राखता."

 रूपेशने पेपर घेतला. "असां?"

"दाबू नको. पेपराक चलूक दी. सरळ... सरळ रे, मेल्या, आंबो नाय पुसूचो!"

मागून कुणीतरी हसलं. रूपेशही हसला, पण हात सरळ ठेवून. धार तशीच राहिली.

फळीवर काचकापड बसवलं, उन्हात घट्ट होणारं रेझिन ओतलं, आणि दुपारच्या उन्हाने थोड्याच वेळात ते कडक केलं. शाल्मलीने वर आणि खाली त्वचा चिकटवली. भरती चढत होती. दर्शनाची अर्धवट फळी तिच्या मांडवात तशीच पडून होती. तुलना व्हायची होती, पण तिची आठवण कुणी काढली नाही.

पहिल्या लाटेवर रूपेश गुडघ्यांवरही उठला नाही. दुसऱ्या लाटेवर उठला, आणि डावी कड पाण्यात घुसून फळीने त्याला डोक्यावर टाकलं. त्यानंतरही तेच होत राहिलं. पर्यटक एकेक करून चहाकडे वळले. गावातले थांबले. किनाऱ्यावरचा पडदा फळीवरची नोंद थेट दाखवत होता. लाल ठसा, करडा डाग, कधी ठिपके, मग सगळं काळं, म्हणजे रूपेश पाण्यात.

एकदा तो बराच वेळ वर आला नाही. दर्शना धावत कमरेएवढ्या पाण्यात शिरली. फळी एकटीच हेलकावत होती. मग तिच्या पलीकडे त्याचं डोकं वर आलं. त्याने थुंकून पाणी काढलं, बहिणीला पाहिलं आणि हात वर करून तळवा तिच्याकडे केला. थांब.

ती थांबली. लाटा तिला हलवत होत्या. मग ती मागे मागे येत वाळूवर आली.

पुढची लाट बांधावर मोठी उठली. रूपेशने हात मारले, छातीवरून उठला, उजवा पाय पुढे टाकला. लाट डावीकडे उलगडायला लागली. पडद्यावर करडा डाग थरथरला. आणि त्याच्या पुढच्या टोकाला पिवळे ठिपके उमटले. ते विझले नाहीत. एकमेकांना मिळाले, नारिंगी झाले. त्याच क्षणी फळीच्या खालच्या चित्रात, नेमक्या त्याच जागी, पाण्याच्या दाबाची निळी रेघ उठली. पायाने विचारलं होतं, पाण्याने उत्तर दिलं होतं. फळी वळली. लाटेच्या उभ्या भिंतीला डावी कड लावून रूपेश तिच्या पोटातून सरकत गेला, वाकलेला, वेडावाकडा, हात पसरलेला, आणि त्याला धरून ठेवणारं खाली काही नव्हतं.  किनाऱ्यावरचे सगळे एकदा समुद्राकडे, एकदा पडद्याकडे बघत होते, जणू एकच गोष्ट दोन्ही ठिकाणी घडते यावर विश्वास बसत नव्हता.

लाट संपली तेव्हा तो उथळ पाण्यात आडवा झाला. उठून बसल्यावर त्याने पहिल्यांदा डावा पाय दोन्ही हातांनी वर धरून पाहिला. काही कळत होतं असं नाही, त्याच्या चेहऱ्यावरून तरी नाही. मग तो किनाऱ्याकडे ओरडला.

"ताई! बघितलंस?"

"बघितलंय!"

"मगे आता तुझी फळी कर! माझ्या पायाक जमात तशी! डावी बाजू काढ!"

"किती?"

"माका काय विचारतस? त्यांका विचार!"

फळी ओढत तो पुन्हा पाण्यात शिरला. दर्शना ओल्या कपड्यांनिशी आपल्या मांडवात गेली. शाल्मली तिच्या मागोमाग आली.

"तो पडदो जरा हय वळवा," दर्शना म्हणाली. "आणि त्या बोटांची जागा मोठी करून दाखवा. मशीनान कड खंयसून उतरवली, ती बघूची असा."

शाल्मलीने पडदा वळवला. दर्शना समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. तिने अर्धवट फळीच्या जाड डाव्या कडेवर तळवा ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि रंधा लावला. पांढरी सालटं वाऱ्यावर निघाली.

मागे पाण्यात रूपेश पुन्हा पडल्याचा आवाज आला. रंधा थांबला नाही.